मामांचे व्हॉल्व्ह

धाराशिव शहर दोन खोऱ्यांचं पाणी पितं. एक तेरणेचं, तेरजवळच्या धरणातलं. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. दुसरं उजनीचं, म्हणजे भीमेचं, कृष्णेच्या खोऱ्यातलं. बालाघाटाच्या माथ्यावर या दोन खोऱ्यांच्या सीमेजवळ आमचं गाव बसलेलं आहे. गावाला लागून वाहणारी भोगावती सीनेला जाते, सीना भीमेला, पण उजनीच्या बरीच खाली. म्हणजे आमच्या माथ्यावर पडलेला पाऊस उताराने निघून जातो आणि पुन्हा आमच्या हाती लागत नाही. प्यायचं पाणी आम्हाला खालून वर चढवून आणावं लागतं. उजनी पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. आमचं शहर साधारण साडेसहाशे मीटरवर. दीडशे मीटरचा चढ, सुमारे शंभर किलोमीटरची पाईपलाईन आणि वाटेत टप्प्याटप्प्यावर पंप.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. माझं माहेर तेर, त्यामुळे तेरणेबद्दल बोलताना आवाज जरा चढतोच. नववीच्या वर्गात मी हे सगळं दरवर्षी फळ्यावर काढते. उजनी ‘मायनस’मध्ये गेलं असं मुलं घरी ऐकतात, पण म्हणजे काय ते त्यांना माहीत नसतं. मी धरणाचा छेद काढून दाखवते. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. मायनस म्हणजे त्या मृतसाठ्याला हात घातला. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं आणि आपण तेच पाणी पीत होतो, असं सांगितलं की वर्ग गप्प होतो.

एका वर्षी हा तास संपत आला असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, उजनीपासून टाकीपर्यंत कळलं. टाकीपासून आमच्या गल्लीत कसं येतं?”

फळ्यावर जिथे मी ‘शहर’ असं लिहून गोल केला होता, त्या गोलाच्या आत काय आहे असं ती विचारत होती. शंभर किलोमीटरचा माग मला नकाशावर दाखवता येत होता. शेवटच्या दीड किलोमीटरचा नकाशा मी आयुष्यात कुठे पाहिला नव्हता. मी तिला म्हटलं, हे पाण्याच्या मामांना विचारायला पाहिजे.

आमच्याकडे पाणी रोज येत नाही हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आठवड्याने येतं. लाईनवर वीज गेली, एखादा जोड निसटला की आणखी लांबतं. त्यामुळे प्रत्येक घराचं आपापलं धरण आहे: अंगणाखाली हौद, गच्चीवर काळी टाकी, न्हाणीत बॅरल, स्वयंपाकघरात पिंप आणि माठ. नवं घर बांधायचं ठरलं की आधी हौद किती हजार लिटरचा ते ठरतं आणि मग खोल्या. ज्याच्याकडे हौद बांधायला जागा किंवा पैसा नाही, तो त्याच पाण्याच्या दिवशी मिळेल त्या भांड्यात पाणी भरतो आणि पुढचे दिवस मोजून वापरतो. एकाच नळाचं पाणी दोन घरांना सारखं मिळत नाही, ते इथून सुरू होतं.

पाणी कधी सुटणार ते कळायचं एकाच माणसाकडून. मामा आधी सायकलवर यायचे, नंतर जुन्या लुनावर. सोबत टीच्या आकाराची लांब लोखंडी चावी, रस्त्यातल्या खड्ड्यात उतरवून व्हॉल्व्ह फिरवायची. बाया दारात उभ्या राहून विचारायच्या, “मामा, आज का?” ते थांबत नसत. “आज नाही. उद्या पहाटं. हौद धुऊन ठिवा.” बस्स. त्या एका वाक्यावर गल्लीचा दुसरा दिवस ठरायचा. कुणी शेतावर जाणं पुढे ढकलायचं, कुणी माहेरी जाणं.

त्यांचं काम चावी फिरवणं एवढंच आहे असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. एकदा मी शाळेत निघाले होते तेव्हा ते व्हॉल्व्हपाशी वाकून आटे मोजत होते. मी विचारलं तर म्हणाले, “सहा आटे खोललं तर वरच्या घरांना पोचतंय. आठ खोललं तर खालची लोकं हौद भरून रस्त्यावर सोडत्यात आणि वर थेंब जात नाही.” प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वेगळा होता, आणि टाकी किती भरली आहे त्यावर तो रोज बदलायचा. पाणी सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं अंधारात उठून हे गणित करत होता. ते कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं.

२०१६ चा उन्हाळा मला आठवतो तो रेल्वेमुळे. लातूरला मिरजेहून गाडीने पाणी न्यायला लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. लातूरला जाताना ती आमच्या स्टेशनातून पुढे जायची. देशभरातले पत्रकार लातूरला आले. आमच्याकडेही टँकर, विंधन विहिरी आणि रांगा हेच चालू होतं, पण गाडी पुढे गेली तशी बातमीही पुढे गेली. मामांशी त्याबद्दल बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, “रेल्वे स्टेशनापर्यंत आणती. तिथून घरापर्यंत कोण नेणार? तिथं बी कुणीतरी चावीवालाच असंल की.” गाडीचे फोटो सगळीकडे आले. लातूरच्या चावीवाल्याचा फोटो मी तरी पाहिला नाही.

मामा निवृत्त झाले. कुणी निरोप समारंभ केल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या जागी मुलं आली, कंत्राटावरची, दर काही महिन्यांनी बदलणारी. पाण्याची वेळ कळेनाशी झाली. विचारायचं कुणाला तेही कळेना, कारण नगरसेवकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि पुढची निवडणूक थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मधली सगळी वर्षं प्रशासकाचा कारभार. राज्यातल्या बहुतेक शहरांचं हेच झालं. नगरसेवक चांगला असो वा नसो, गल्लीतल्या बाईला ज्याच्या दारात जाऊन बोलता येतं असा माणूस तोच असतो. ते दारच चार वर्षं नव्हतं.

याच काळात भुयारी गटारांसाठी शहर खोदायला सुरुवात झाली. गटारं हवीतच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या गल्लीतल्या उघड्या गटारीने किती पोरांना किती वेळा आजारी पाडलं ते मी शाळेच्या हजेरीपटावरून सांगू शकते. पण ते काम पुढे सरकलं तसा रस्ता उखडत गेला. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, म्हाताऱ्या माणसांना उंबऱ्याबाहेर पाय टाकता येईना, रिक्षा कोपऱ्यावरच थांबायची. आणि मग एके दिवशी जेसीबीचं दातेरी पातं आमच्या पाण्याच्या लाईनीत घुसलं.

नेमका पाण्याचा दिवस होता. पुरुषभर उंच कारंजं उडालं. बाया घागरी आणि बादल्या घेऊन धावल्या. गढूळ का असेना, पाणी वाया जाताना बघवत नव्हतं. गुत्तेदाराच्या माणसांनी काम थांबवलं, फोन झाले, दोन तरुण चावी घेऊन आले. त्यांनी चौकातला व्हॉल्व्ह बंद केला. पाणी थांबलं नाही. पलीकडचा बंद केला. तरी थांबलं नाही. कुठून येतंय ते कुणालाच समजेना. खड्डा भरला, रस्ता भरला आणि उताराच्या घरांत पाणी शिरायला लागलं.

शेवटी गल्लीतला एक मुलगा मोटारसायकल घेऊन मामांकडे गेला. मामा आले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यांनी कारंज्याकडे बघितलंच नाही. उलट्या दिशेला चालत गेले, एका घराच्या पायरीपाशी थांबले आणि म्हणाले, “इथं लिंब होता. कुठं गेला?” लिंब रस्तारुंदीत गेला होता. त्यांनी मग समोरच्या वाड्याचा कोपरा बघितला, पावलं टाकली, पायाने डांबरावर खूण केली. “इथं खांदा.” दीड फुटावर लोखंडी झाकण लागलं. डांबराचे दोन थर त्याच्यावर चढले होते. व्हॉल्व्ह गंजला होता, फिरवायला तीन माणसं लागली. पाणी थांबलं.

आमच्या गल्लीला दोन बाजूंनी पाणी येत होतं. एक नवी प्लास्टिकची लाईन, सगळ्यांना माहीत असलेली. दुसरी जुनी, बिडाची. कुठल्याशा टंचाईच्या वर्षी टोकाच्या घरांना पाणी पोचत नव्हतं म्हणून ही जुनी लाईन नवीला जोडून दिलेली. जोडताना मामा तिथे होते. बाकी जे होते त्यांतले काही वारले, काहींची बदली झाली.

त्या दोन तरुणांना लोक फार बोलले. मला ते पटलं नाही. त्यांच्या हातात चावी दिली होती, माहिती दिली नव्हती. ज्या खात्याकडे किंवा ज्या गुत्तेदाराकडे जमिनीखालचा कागदच नाही, तो खोदणार म्हणजे चाचपडतच खोदणार. आज आमची लाईन फुटली, उद्या दुसऱ्या गल्लीची फुटेल. मोठ्या योजनांची किंमत कोटींत छापून येते. कुठला पाईप कुठून गेला आहे एवढी माहिती मिळवायला त्यातला किती अंश लागेल? अमृत योजनेसारख्या योजनांमधून आता उपग्रह-नकाशांवर जाळं मांडायची भाषा होते आहे, ते चांगलंच आहे. पण उपग्रहाला डांबराखालचा व्हॉल्व्ह दिसत नाही. तो कुठे आहे हे सांगणारा माणूस तोंडाने सांगतो, आणि त्याचं वय सत्तरीकडे गेलेलं असतं.

मी मामांच्या घरी गेले. नकाशा काढू या म्हटलं. त्यांनी चहा पुढे केला आणि साफ नकार दिला.

“मॅडम, कागदावर आलं की कुणीबी व्हॉल्व्ह फिरवंल. मी असताना बी रात्री येऊन फिरवायचे. ज्याच्या मागं चार पोरं, त्याच्या आळीला पाणी. गरिबाच्या आळीला काय?”

हा मुद्दा मला खोडता येईना. माहिती सगळ्यांसाठी खुली असावी असं मी वर्गात शिकवते, आणि समोर बसलेला माणूस अनुभवाने सांगत होता की गुपित ठेवल्यामुळेच काही आळ्या तगल्या. त्यांच्या पत्नी बाजूला शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पण तुमच्या माघारी काय व्हतंय ते बघितलं न्हवं का आत्ता?” मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ठरलं ते असं: व्हॉल्व्हसकट पूर्ण नकाशा दोन प्रतींत, एक नगरपालिकेच्या कार्यालयात आणि एक शाळेच्या कपाटात. मुलांच्या वह्यांत फक्त लाईनी, गटारी आणि चढउतार. अजूनही मला वाटतं की पूर्ण नकाशा भिंतीवर लागला पाहिजे. पण ते तेव्हा, जेव्हा रात्री चावी फिरवणाऱ्याला कुणीतरी अडवेल.

सुट्टीच्या दिवशी आम्ही निघायचो. मामा पुढे, नववीची पोरं मागे टेप आणि वही घेऊन. एक नियम मी घातला होता: कुठलीही जागा दोन पक्क्या खुणांपासून मोजायची. झाड नको, टपरी नको, कुणाच्या घराचा रंग नको. देवळाचा कोपरा, शाळेची भिंत, विजेचा खांब. मामांच्या खुणा सगळ्या नाहीशा होणाऱ्या होत्या, लिंब, हापसा, एका पैलवानाचं दुकान. मुलांनी एकेक जुनी खूण पक्क्या खुणांत बसवली. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिचं अक्षर सगळ्यांत नीट, म्हणून मापं तिच्याकडे. घरून बाहेर फिरायची फारशी परवानगी नसलेली ही मुलगी शेवटी जेसीबीच्या चालकाला सांगत होती, “काका, हिकडं नका घालू, खाली बिडाची लाईन हाय.”

चालता चालता आणखी एक गोष्ट दिसत गेली, आणि मला सगळ्यांत जास्त तीच सांगायची आहे. मुख्य लाईनीवरून घरोघर जाणारे बारीक पाईप ठिकठिकाणी उघड्या गटारीतून गेलेले होते. पाच-सहा पाईप एकत्र, गटारीच्या पाण्यात बुडालेले, काही गंजलेले, काहींचे जोड दोरीने आणि रबराने आवळलेले. रोज नजरेसमोर असून कुणी बघितलं नव्हतं. चोवीस तास पाणी असेल तर असल्या गळक्या जोडातून पाणी बाहेर येतं, आत काही जात नाही, कारण आतला दाब जास्त. पण आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात बाकीचे सगळे दिवस पाईप रिकामा असतो. रिकाम्या पाईपात गटारीचं पाणी शिरतं. त्यात पाणी आल्या आल्या सगळे मोटारी लावून थेट लाईनीतून ओढतात, मग पाईपात हवेपेक्षाही कमी दाब होतो आणि तो पाईप बाहेरचं शोषून घेतो. आजारी पोरांचं कारण आम्ही बाहेरच्या वडापावात शोधत होतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत ओटी चाचणीचं द्रावण होतं. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळं होतं. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे असं भारतीय मानक आहे. पुढच्या पाण्याच्या दिवशी मुलांनी नमुने घेतले. टाकीजवळच्या घरात पाणी छान पिवळं झालं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फिकट. टोकाच्या घरात पहिल्या पाण्याला रंगच आला नाही, थोड्या वेळाने भरलेल्या बाटलीत किंचित आला. सांगायची गरज उरली नाही. संध्याकाळी बाया आपापल्या हौदाबद्दल विचारायला आल्या. आता गल्लीत पहिलं पाणी हौदात घेत नाहीत, ते झाडांना आणि धुण्याला. ज्यांना परवडलं त्यांनी प्लंबर लावून आपला पाईप गटारीतून काढून भिंतीवरून घेतला. ज्यांना परवडलं नाही त्यांचे अजून तिथेच आहेत, आणि एकाचा पाईप नासका असला तर त्याची झळ साऱ्या लाईनीला बसते. हे काम घराघरावर सोडून भागणार नाही.

मोटारींचं तसं सोपं नाही. मी टोकाच्या घरच्या ताईंना मोटार लावू नका म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “नाही लावली तर माझ्या पोरांनी काय प्यायचं?” त्यांचं खरं होतं. नकाशा कागदावर आल्यावर दिसलं की त्यांच्या घरापाशी लाईन संपते, पुढे काही नाही. मागच्या आळीची लाईन त्यांच्या परसापासून फार लांब नाही. दोन्ही टोकं जोडली तर पाणी दोन्हीकडून फिरेल. मामा म्हणाले, हे त्यांनी पूर्वीच तोंडी सांगितलं होतं. या वेळी आम्ही मापांसकट लेखी दिलं.

गटारांबद्दलही एक विचार या फिरण्यात पक्का झाला. जिथे भुयारी गटारं आहेत किंवा होणार आहेत तिथे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावं असं केंद्राचं मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यामागचं कारण साधं आहे, मैला वाहून न्यायला पाणी लागतं. बादलीने मोजून पाणी ओतणाऱ्या घरांतून ते गटार वाहणार कसं? दोन योजनांचे कागद वेगवेगळ्या टेबलांवर असतील, पण दोन्हींचे पाईप एकाच गल्लीत, हातभर अंतरावर आहेत. एक सुधारायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं असं करता येत नाही.

नकाशा घेऊन कार्यालयात गेलो तेव्हा मामा नवा सदरा घालून आले होते. तिथल्या तरुण अभियंत्याने तो टेबलावर पसरला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग त्याने मामांना खुर्ची दिली आणि बार्शी नाक्याकडच्या एका व्हॉल्व्हबद्दल विचारलं, जो त्याला महिनोन्‌महिने सापडत नव्हता. मामांनी लगेच सांगितलं. त्याने आम्हाला प्रमाण नीट टाकून द्यायला सांगितलं, उत्तर दिशा दाखवायला सांगितली. मुलांनी ते पुन्हा काढलं.

आता आमच्या रस्त्याचं काँक्रीटीकरण मंजूर झालंय. काँक्रीट पडलं की खालचं काही दिसणार नाही आणि फोडणं डांबरासारखं सोपं नसतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच गल्लीच्या सह्यांनी अर्ज दिला: रस्त्यात येणाऱ्या तिन्ही व्हॉल्व्हच्या चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून घ्यावीत, गटारीतले नळजोड आधी बाहेर काढावेत, आणि टोकाची जोडणी आत्ताच करावी, नंतर नको. अर्जाला नकाशा जोडला आहे. दोन झाकणं उचलायचं काम झालं. तिसरं, बिडाच्या लाईनीवरचं, राहिलंय. गुत्तेदाराचा माणूस म्हणतो ती लाईन जुनी आहे, बंदच करून टाका. मामांचं म्हणणं, मोठ्या उन्हाळ्यात टोकाच्या घरांना तिचाच आधार. येत्या सोमवारी अभियंता जागेवर येणार आहे. मामांना आणायला कोण जाणार ते ठरलंय, आणि मापांची वही त्या मुलीकडे आहे. ती आता दहावीत आहे, त्या दिवशी तिची सराव परीक्षा आहे, पण पेपर दुपारचा आहे.